लेखणीचा स्पर्श न झालेला ग्रंथ

मी एक जुना हस्तलिखित ग्रंथ आहे. निदान मला तसं वाटतं. एका बाईंना ते पटलं नव्हतं. त्यांनी तसं पत्रही लिहिलं होतं, आणि त्याला वर्षभर उत्तर गेलं नाही.

मित्रांनो, माझा जन्म डॅन्यूबकाठच्या एका मठात झाला. तेव्हा छापखाने नुकतेच निघाले होते. वाल्बुर्गाबाईंना मात्र दिवंगत पतीच्या स्मरणार्थ हाताने लिहिलेलाच प्रार्थनाग्रंथ हवा होता. मठाच्या लेखनघराला कागद त्याच पुरवत. म्हणून शेजारच्या मठातून एक छापील प्रत मागून आणली आणि वृद्ध बंधू वेंडेलिन यांनी आठ महिने खपून ती उतरवली.

नक्कल करणाऱ्याने समोर असेल ते तसंच लिहावं, आपली अक्कल घालू नये, असा मठाचा नियम. शेवटच्या पानावर छापणाऱ्याने मोठ्या अभिमानाने म्हटलं होतं, ‘या ग्रंथाला लेखणीचा स्पर्शही झालेला नाही. हा यंत्रावर छापला आहे.’ वेंडेलिन यांनी तेही सुरेख उतरवलं. लाल शाईने.

बाईंनी ते शेवटचं पान वाचून मला परत धाडलं. माझ्या पानांत पत्र होतं: ‘फसवायचंच होतं, तर निदान तसं लिहून देऊ नये.’

वेंडेलिन लाजेने अर्धे झाले. चामड्याच्या एका तुकड्यावर उत्तर लिहायला बसत, ‘क्षमा’ इतकं लिहीत आणि सुरीने खरवडून टाकत. शेवटी त्या तुकड्याला भोक पडलं. बाईंचा कागद केव्हाच बंद झाला होता. मठाधिपती म्हणाले, नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणापर्यंत बाईंची समजूत पटली नाही, तर लेखनघरात चीज ठेवू.

सणाच्या आदल्या दिवशी कोठाराचे बंधू गांगोल्फ माप घ्यायला दोरी घेऊन आले.

“तुझ्या मेजावर चीजच्या मोठ्या चकत्या छान बसतील बघ,” ते म्हणाले. “हवं तर त्यांच्यावर तारखा घाल. पण वाचून घाल हो.”

वेंडेलिन यांनी ते भोक पडलेलं चामडंच पुढे ओढलं आणि भोकाला वळसा घालून लिहिलं: ‘बाईसाहेब, अक्षर न् अक्षर मी हाताने लिहिलं. फक्त वाचायचं राहिलं.’

घाईत शाईचा अंगठा उमटला. त्यांनी सवयीने सुरी उचलली. गांगोल्फ यांनी त्यांचा हात धरला.

“राहू दे रे. यंत्राला अंगठा नसतो.”

मित्रांनो, पुस्तकं जपा, आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा, एवढंच माझं मागणं. ते उत्तर पोटाशी धरून मी मिठाच्या गाडीतून बाईंकडे निघालो.