बिस्किटांचं टेबल

अमेरिकेतल्या आमच्या यंग्सटाउनात लग्नाचा केक कसा होता ते कोणी विचारत नाही. बिस्किटांच्या टेबलाबद्दल मात्र पुढची दहा वर्षं बोललं जातं. म्हणून माझ्या लेकीच्या, इरेंकाच्या लग्नासाठी मी आणि माझ्या दोघी बहिणी तीन आठवडे ओव्हनपुढे उभ्या होतो. तीन हजार बिस्किटं केली आणि आदल्या दिवशीच हॉलवर पोचवली. तिथेच घात झाला.

शनिवारी चर्चमधून सगळे हॉलपाशी आलो, तर दारासमोर तिथल्या वाढपी बायका पाट्या घेऊन फेऱ्या मारतायत. युनियन काढली म्हणून मालकानं सकाळी दोघींना घरी बसवलं होतं.

आमचे हे जागीच थांबले. "संपाची रांग मी ओलांडणार नाही," म्हणाले.

"अहो, पोरीचं लग्न आहे."

"लग्न चर्चमध्ये लागलं. आता फक्त जेवण राहिलंय."

फक्त जेवण! तीन आठवडे कंबरडं मोडलं माझं, आणि ह्यांना फक्त जेवण. माझं डोकंच फिरलं. "ओंद्रेय हुडाक, तुम्ही बसा तत्त्वं चघळत," म्हटलं आणि तडक दाराकडे निघाले.

कोणी अडवलं नाही. सुजलेल्या पायांची एक वाढपीण बाजूला सरली आणि म्हणाली, "काकू, तुमचं तुम्ही ठरवा." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी दुप्पट दिल्या असत्या.

दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि रस्त्यापलीकडे नजर गेली. आपल्या घराच्या पायरीवर झुझाना उभी होती.

सदतीस सालच्या पोलाद कारखान्याच्या संपात तिचा नवरा रांग ओलांडून फाटकातून आत कामावर गेला होता. तीन महिन्यांच्या इरेंकाला कडेवर घेऊन मी त्याच फाटकासमोर आमच्या माणसांबरोबर उभी होते. तो संप आम्ही हरलो. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी झुझानाशी एक अक्षर बोलले नव्हते. तिचा नवरा वारला तेव्हाही गेले नाही. लग्नाचं बोलावणं साऱ्या गल्लीला होतं, तिला सोडून. आणि आता ती बघत होती, मी काय करते ते.

मी हात काढून घेतला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

वळले, तर इरेंकानं लग्नाचा पांढरा झगा घोट्यापर्यंत उचलला होता आणि ती त्या बायकांच्या रांगेत चालायलाही लागली होती. तिच्यामागे आमचा जावई. लग्न लागून तास झाला नव्हता, पण बायकोच्या मागे कसं चालायचं ते पोरगा शिकला होता.

मग ह्यांनी पोलाद कामगारांच्या युनियनच्या कचेरीतून ट्रकभर टेबलं आणवली आणि फुटपाथवर मांडली. गल्लीतल्या बायका घरी पळाल्या आणि डब्यात जे होतं ते घेऊन आल्या. कोणाची चार बिस्किटं, कोणाची सहा, काही तर मोडकी. वाढपी बायकांना आम्ही आधी बसवलं आणि ह्यांनी स्वतः वाढलं. मालक खिडकीतून बघत होता. त्या दिवशी माझ्या माणसाचा आणि माझ्या पोरीचा मला इतका अभिमान वाटला, की आतल्या तीन हजारांचं काय झालं ते मी आजवर विचारलेलं नाही.

तेवढ्यात झुझाना रस्ता ओलांडून आली. हातात ताट, त्यावर फडकं. टेबलापासून तीन पावलांवर ती थांबली.

"मार्गिता, ठेवू का?"

मी फडकं बाजूला केलं. अक्रोडाची बिस्किटं होती. एक उचललं आणि सगळ्यांसमोर खाल्लं.

"अक्रोड जरा जास्त भाजलेस," मी म्हटलं.

"तुला पहिल्यापासून कच्चेच आवडतात," ती म्हणाली आणि ताट टेबलाच्या मधोमध ठेवून माझ्या शेजारी बसली.