फुटलेला नमुना

रक्तपेढीत ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक नमुना वाया गेला नव्हता, आणि हे त्या स्वतःच वरचेवर ऐकवत. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी दरडावत, "तांबड्या पेशी धुवायच्या त्या मिठाच्या पाण्यातच! साध्या पाण्यात टाकल्यात तर पाणी आत शिरत राहतं. खारट आतमध्ये, अळणी बाहेर, मग पाणी आत धावणारच. पेशी फुगते, फुगते आणि फुटते."

त्या सकाळी फोनवर सुनेशी तावातावाने भांडताना ताईंनी न बघता हात लांबवला आणि साध्या शुद्ध पाण्याची बाटली उचलून नमुन्याच्या नळीत ओतली. नळी यंत्रात फिरवून काढली, तर तळाशी पेशींचा थर नाहीच. नुसतं पारदर्शक लाल पाणी. ताईंनी बाटलीवरचं नाव वाचलं. नमुना वॉर्डातल्या एका आजींचा होता. त्यांच्या शिरा सापडत नव्हत्या, जेमतेम थोडंसंच रक्त निघालं होतं, आणि दुपारी त्यांचं ऑपरेशन होतं.

खरं सांगायलाच त्यांनी वॉर्डात फोन लावला. तोंडातून निघालं ते भलतंच. "नमुना फुटलेलाच आलाय. रक्त जोरात ओढलं की पेशी अशाच फुटतात. कोणी घेतला? शिकवा जरा त्यांना!"

अर्ध्या तासाने नवी नर्स स्वतःच दुसरी नळी घेऊन खाली आली. डोळे रडून लाल झालेले.

"ताई, हेडसिस्टर सगळ्यांसमोर बोलल्या. आजींना आणखी चारदा टोचावं लागलं. माझं नेमकं काय चुकलं, सांगाल का? पुन्हा नाही होणार."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी शिकायला आली होती, तीही त्यांच्याकडे!

"तुझं काही चुकलं नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "मीच साध्या पाण्यात धुतलं. आणि वर खोटं बोलले."

ताईंनी तिच्यासमोरच हेडसिस्टरना फोन लावून सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. "ताई, मन मोठं हो तुमचं! पण तिला पाठीशी घालू नका. तुमच्या हातून असं होईल होय?" आणि फोन ठेवला गेला.

बावीस वर्षांच्या नावलौकिकाची एवढी लाज ताईंना कधी वाटली नव्हती.

"चल वर," त्या उठल्या. "आजींच्या खाटेपाशी, सगळ्यांच्या देखत सांगते."

पोरगी जागची हलली नाही. "नको, ताई. मी रडून तुम्हाला बोलायला लावलं, असंच म्हणतील. आधी आजींचं रक्त जुळवा. दुपारी लागणार आहे त्यांना."

ताई पुन्हा खाली बसल्या आणि तिच्या हातातून नळी घेतली.