खेकड्यांची वाट

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते. म्हणजे माझ्या बोलण्यात थोडी कुरकुर आली तर तुम्ही समजून घ्याल. मला कुपेसी म्हणतात, म्हणजे कापडावर नक्षी उठवायची पाटी. टोंगाच्या एका लहानशा बेटावर माझा जन्म झाला. केवड्याची वाळलेली पानं एकावर एक रचून माझं अंग केलं, त्यावर माडाच्या झावळीचे हीर वाकवून काथ्याच्या दोऱ्याने शिवले, आणि माझ्या पाठीवर नक्षी उभी राहिली. ओल्या वाळूवरून खेकडे तिरके पळतात ना, त्यांच्या पावलांची नक्षी. आमच्या घरात तिला खेकड्यांची वाट म्हणत. दुसऱ्या कुणाच्या घरी ती नव्हती, आणि याचा मला फार तोरा होता.

मला शिवलं फुसिपाला नावाच्या सासूने. तिची सून वाइमोआना शेजारी बसून हीर सोलून देत असे. दोघींचं फारसं पटत नव्हतं.

"डोळे फाडून काय बघतेस? बोट आण इकडे," फुसिपाला म्हणायची आणि सुनेचं बोट टाक्यावर दाबून धरायची. "दोरा किती ताणलाय, कळतंय?"

"कळतंय."

"काही कळत नाही. परत बघ."

वाइमोआना मनातल्या मनात सासूच्या नावाने बोटं मोडायची आणि परत तेच बोट पुढे करायची. अशी ती शिकली. माझ्या निम्म्या अंगावर सासूचे टाके आहेत आणि निम्म्या अंगावर सुनेचे. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, ते आता मलाही सांगता येत नाही.

माझं काम सोपं होतं, पण अंधारातलं होतं. गावातल्या बायका तुतीची साल कुटून कुटून तिचं कापड करतात. मला पाठ फुगलेल्या एका लांब पाटावर बांधत. पाटाच्या दोन्ही बाजूंना बायका मांडी घालून बसत, माझ्यावर ते कापड पसरत, आरारुटाची खळ लावून थर चिकटवत, आणि झाडाच्या सालीच्या तांबूस रंगात बुडवलेली चिंधी वरून जोरजोरात घासत. जिथे माझे हीर उंच, तिथे रंग धरायचा. कापड पुढे सरकायचं आणि खेकडे चालू लागायचे. मी ते कधी पाहिलं नाही. मी खाली असायचे, ओल्या कापडाखाली. पण वर चाललेलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

"अगं वाइमोआना, तुझे खेकडे आज प्यायलेत का? माझ्या बाजूला वाकडे आलेत!" ही कलोलाइने. शेजारीण, आणि जीभ कात्रीसारखी.

"खेकडे बरोबर आहेत. तुझा हात वाकडा आहे."

"हात नाही गं, कंबर. काल आमच्या ह्यांनी..."

"गप बस! पाद्रीबाई बसल्यात समोर."

"बसू देत की. त्यांना काय नवरा नाही?"

मग सगळ्या इतक्या हसायच्या की पाट हलायचा. पाद्रीबाई सगळ्यांत जास्त हसायच्या.

ते कापड लग्नात अंथरलं जायचं, मयतावर घातलं जायचं. लोक हात फिरवून म्हणायचे, हे वाइमोआनाच्या घरचं. मित्रांनो, त्या दिवसांत मी सुखी होते. घासून घासून माझे हीर सैल व्हायचे, आणि वाइमोआना मला मांडीवर घेऊन पुन्हा शिवायची. कुपेसी झिजतेच. ती पुरती झिजायच्या आत तिच्या शेजारी नवी शिवायची आणि शिवता शिवता सुनेला शिकवायचं, ही आमची रीत. वाइमोआनालाही सून आली. सुलिया तिचं नाव. मोठी कामसू आणि थोडी भित्री. "हे कापड उरकलं की बसू आपण," वाइमोआना तिला म्हणायची. पण मग कुणाचं तरी लग्न निघायचं, कुणी तरी मरायचं. एका वर्षी वादळाने तुतीची रोपंच झोपवली. बसणं पुढे पुढे जात राहिलं.

त्यातच लोसालिने आली.

लोसालिने म्हणजे वाइमोआनाच्या नवऱ्याच्या बहिणीची मुलगी. तिची आई लग्नानंतर समुद्रापलीकडच्या मोठ्या शहरात गेली, त्यामुळे ही पोर तिकडेच वाढली आणि तिकडच्या विद्यापीठात शिकवू लागली. कला एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, शाळेशिवाय बायका एकमेकींना कशा शिकवतात, यावर तिचं संशोधन होतं. स्वभावाने फार चांगली. आल्या दिवशी अंगणात बसून तिने कुटायची मोगरी हातात घेतली आणि हाताला फोड येईपर्यंत सोडली नाही. कलोलाइनेसुद्धा म्हणाली, "शहरातली आहे, पण माणसातली आहे."

आता आमच्याकडची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. तुमच्याकडेही भाचीचं कौतुक असतं, पण आमच्याकडे बहिणीच्या लेकरांचा मान मामाच्या घरात सगळ्यांत वरचा. भाचीने एखादी वस्तू नुसती वाखाणली तरी ती तिच्या हातात द्यायची, आणि तीही हसत. मात्र शहाणी भाची काय करते? ती म्हणते, "छे हो मामी, तुमच्याच हातात शोभते." वस्तू तिथेच राहते आणि दोन्हीकडचा मान वाढतो. हा दुसरा भाग कुणी कुणाला सांगत नाही. तो घरात वाढता वाढता अंगात मुरतो.

त्या दुपारी लोसालिनेने मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. टाक्यांवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले.

"मामी, मी इतक्या कुपेसी पाहिल्या, पण इतकी सुंदर एकही नाही पाहिली."

वाइमोआनाचा रंगाचा हात थांबला. कलोलाइने उगाचच खोकली.

"मग घेऊन जा की गं," वाइमोआना हसत म्हणाली. "तुझीच आहे."

"खरंच, मामी?"

"खरंच म्हणजे काय? भाचीला नाही म्हणू का मी?"

आता म्हणेल, आता म्हणेल, तुमच्याच हातात शोभते म्हणेल, असं मला वाटत राहिलं. लोसालिनेने वाइमोआनाला मिठी मारली आणि म्हणाली, "मी जिवापाड जपेन हिला."

आणि मित्रांनो, तिने शब्द पाळला. तीच तर माझी रड आहे.

मला मऊ कागदात गुंडाळून विमानाने नेलं. आधी कीड मरावी म्हणून बर्फासारख्या गारठ्यात ठेवलं, मग विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहातल्या एका कोरड्या, थंड खोलीतल्या खणात. माझा नंबर पडला. मला हात लावायचा तर हातमोजे घालून. काथ्याला, हिरांना, केवड्याला घामाची आणि ओलाव्याची सवय. तिथे माझं अंग हळूहळू सुकत गेलं. कधीमधी मला काचेखाली मांडत आणि कलाशिक्षणाचे विद्यार्थी भोवती गोळा होत. लोसालिने फार सुंदर बोलायची. शिकवणं हातातून हातात जातं, म्हणायची. विद्यार्थी लिहून घ्यायचे. तिच्या संशोधनाला मोठा सन्मान मिळाला तेव्हा तिने माझ्याजवळ येऊन काचेला कपाळ टेकलं. तिला मनापासून आनंद झाला होता. मला तिचा राग धरता आला नाही आणि त्या आनंदात सामीलही होता आलं नाही.

एकदा ती फोन घेऊनच खोलीत आली.

"मामी, हिच्याजवळच उभी आहे बघा. छान आहे अगदी. थंड खोलीत ठेवलीय, कीड लागायची भीती नाही."

"थंडी वाजत असेल गं तिला," पलीकडून वाइमोआनाचा आवाज आला. किती थकलेला होता तो!

लोसालिने हसली. "यंदा कापड करताय ना?"

"करतो की. साधंच. पट्टे ओढतो."

"आणि नक्षी?"

 मग मागून कलोलाइनेचा आवाज आला, "अगं सांग ना तिला! दिसेनासं झालंय तुला, ते तरी सांग!"

"गप बस गं. दिलेलं परत मागतात का भाचीकडे?" वाइमोआना दबक्या आवाजात बोलली, पण मी ऐकलं.

"काय म्हणतायत कलोलाइनेमावशी?"

"काही नाही, बाळ. चुलीवरचं कालवण उतू जातंय म्हणते."

लोसालिनेने फोन ठेवला, दिवा मालवला आणि गेली. मी त्या अंधारात ओरडले असते, पण माझी भाषा फक्त बोटांना कळते, आणि बोटांवर हातमोजे होते.

पुढे कलोलाइने मुलाकडे म्हणून त्या शहरात आली आणि मला बघायचंच म्हणून हटून बसली. लोसालिने तिला घेऊन आली, हातमोजे दिले. कलोलाइनेने ते टेबलावर ठेवून दिले.

"एक विचारू? दिलं म्हणून घ्यायचं असतं का गं?"

"म्हणजे?"

"वाइमोआनाला आता दिवस आणि रात्र एवढंच कळतं. सुलियाला तिने अजून शिकवलेलं नाही. तू पाठवलेल्या फोटोवरून एक शिवून पाहिली पोरीने. दिसायला हुबेहूब, पण पाटावर घातली तर नुसते डाग. कुठला हीर किती उंच, ते फोटोत दिसत नाही. म्हातारीचं म्हणणं एवढंच, एकदा सुलियाचं बोट त्या टाक्यांवर ठेवायचं आणि मग खुशाल मरायचं. मयतावर खेकड्यांची वाट पडली तर सोन्याहून पिवळं."

लोसालिनेचा चेहरा उतरला. "मग त्या बोलल्या का नाहीत? मी दुसऱ्या दिवशी पाठवली असती!"

"तुला? तुला मागायचं?" कलोलाइने खरोखर चकित झाली होती. "मागणाऱ्याला जनाची नाही तर मनाची लाज असते ना, बाई."

लोसालिने तिथेच खुर्चीत बसली आणि रडली. त्या दिवसापासून तिने मला परत न्यायचा ध्यास घेतला. पण एकदा संग्रहात गेलेली वस्तू सहज बाहेर येत नाही. बैठका झाल्या. बेटावर थंड खोली आहे का, असं विचारलं गेलं. ती भांडली, हात जोडले, पुन्हा भांडली. परवानगी मिळाली त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. वाइमोआना गेली होती.

मला मांडीवर घेऊनच लोसालिने विमानात बसली. आम्ही पोचलो तेव्हा वाइमोआना घराच्या मधोमध चटयांवर निजली होती. काळे कपडे घातलेल्या बायका हलक्या आवाजात भजनं म्हणत होत्या. मागच्या अंगणात जमिनीतल्या भट्टीवरची माती काढत होते, अळूच्या पानांचा वास येत होता. सगळं तसंच होतं. फक्त तिची बोटं स्थिर होती.

"अजून वेळ आहे," कलोलाइने म्हणाली. "पाट आणा. तिच्या अंगावर घालण्यापुरतं तरी काढू."

मला पाटावर बांधलं. वर ओलं कापड पडलं आणि माझ्या सगळ्या अंगात ओलावा शिरला. मित्रांनो, तो सुखाचा क्षण होता, हे मी लपवणार नाही. सुलियाने चिंधी रंगात बुडवली आणि घासायला लागली. एक हात, दुसरा हात. खेकडे निघाले. कलोलाइने "हं, हं, असंच" म्हणत होती. आणि मग कट्ट असा आवाज झाला.

माझा एक हीर मोडला होता. इतकी वर्षं सुकलेला, तो वाकेल कसा?

सुलियाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"घास गं," कलोलाइने म्हणाली. "हीरच मोडलाय. उद्या दुसरा शिवू. कुपेसी मोडायचीच."

"नको! माझ्या हातून नको!"

तिने पुन्हा चिंधीला हात लावला नाही. जेवढं झालं होतं तेवढं कापड कापलं. ते वाइमोआनाच्या छातीपर्यंतही पुरलं नाही. पायांवर घातलं, आणि तिच्याबरोबर ते मातीत गेलं.

लोसालिने परत निघाली तेव्हा तिने मला सुलियाच्या हातात ठेवलं. "वापर हिला. मोडू दे, उसवू दे. उसवून बघ, टाके कसे घेतलेत ते. मामींनी तेच सांगितलं असतं."

"वन्सं, तुम्ही इतकी वर्षं एक काडी हलू दिली नाहीत, आणि माझ्या हातात आल्याबरोबर मोडली." सुलियाचे डोळे सुजले होते. "तिकडे होती ना, तशी काचेची पेटी पाठवाल? सासूबाईंची एवढीच आठवण उरलीय."

 नाही म्हणायचं तोंड लोसालिनेला उरलं नव्हतं. पेटी आली.

तर आता मी घरी आहे. भिंतीवर, काचेमागे, मोडक्या हिरासकट. गावातली शाळेची मुलं बघायला येतात आणि सुलिया त्यांना प्रेमाने सांगते, "लांबून बघा, हात लावायचा नाही." कलोलाइनेचे पाय आता उचलत नाहीत, तरी ती मधून मधून येते, काचेवर टिचकी मारते आणि सुलियाशी भांडून परत जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात आजीचं काही जपून ठेवलेलं असेल, तर ते बाहेर काढा. जिला येतं तिच्या शेजारी आजच बसा, ती रागावली तरी उठू नका. आणि वस्तू मोडली तर मोडू द्या. मी हातांखाली मोडायला तयार होते. नुसतं टिकून राहणं मला सोसत नाही.

आज सकाळीच अंगणात पाट मांडला होता. बायका साधे पट्टे ओढत होत्या, ओल्या कापडाचा वास आत येत होता. मध्येच सुलिया उठून घरात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या बोटांना रंग लागला होता. तिने एक बोट वर उचललं, माझ्या टाक्यांच्या अगदी समोर आणलं. मग कपड्याच्या टोकाने काच पुसली आणि परत गेली.