फायद्याचा रकाना

"काका, पट्टीवरचे आकडेच दिसत नाहीत हो." नव्या इंजिनिअर बाईंनी भेगेचा जुना फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. भेग फुगली, पट्टी फुगली आणि मिलिमीटरच्या रेघांचा नुसता करडा लगदा झाला.

पट्टीकाका त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. पाण्याच्या उंच टाकीच्या तिसऱ्या खांबाला भेग होती आणि दर महिन्याच्या एक तारखेला भेगेवर पोलादी पट्टी धरून फोटो काढायचा, हे अकरा वर्षं त्यांचं काम. आकडा वेगळा लिहून ठेवायची गरज त्यांना कधी वाटली नाही. फोटोतच दिसतो की! आज सकाळी पट्टीवर चार मिलिमीटर भरले होते.

"मूळ फोटो असतील ना कुठेतरी?"

नव्हते. का नव्हते, ते काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, फोटो ठेवायच्या ऑनलाइन जागेचं भाडं डोईजड होतंय, दुसरं काही बघा. काकांनी आठवडाभर खपून तक्ता केला. एकीकडे ऑनलाइन साठवण: जितके फोटो तितकं भाडं, तेही दरवर्षी चढतं. दुसरीकडे वेब होस्टिंग: कचेरीच्या वेबसाइटच्या जागेसाठी ते पैसे जातच होते, त्यातच फोटोंची सोय फुकटात. फायद्याच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात शेवटचा मुद्दा लिहिला होता, 'फोटो आपोआप हलके होतात.' साहेब खूश. तक्ता वर्षभर सूचनाफलकावर होता आणि, खोटं कशाला बोला, जाता-येता तो बघून काकांना बरं वाटायचं. सगळे फोटो त्यांनी स्वतः बसून तिकडे हलवले. हलके होताना फोटोतल्या बारीक रेघा पुसल्या जातात, हे त्यांनी तपासलंच नव्हतं. जुनी जागा भाडं थकल्यावर बंद झाली, आतल्या फोटोंसकट.

"पहिल्या फोटोच्या वेळी त्या भेगेत नख जात नव्हतं," काका म्हणाले. "आज पट्टीची कड जातेय, बाई."

"माझा विश्वास आहे हो. पण टाकी रिकामी करायला वरून हुकूम लागतो. अर्जात काय लिहू, नख? म्हणतील, भेग पहिल्यापासून एवढीच असेल." बाईंनी फोटो बंद केला. "भेगेवर आडवी काच चिकटवा. भेग हलली तर काच तडकेल. मग मी कुणाच्या हुकमाची वाट बघणार नाही."

टाकीच्या पायथ्याशी बालवाडी होती आणि तिथे काकांची मुलगी शिकवत होती.

काच लावून, तिच्या कडांचा लेप सुकल्यावर काका मुलीच्या वर्गात आले.

"बाबा, आज इकडे कसे?"

"सहज."

"तुम्ही आणि सहज?" ती हसली.

खिडकीजवळच्या इवल्याशा खुर्चीत ते बसले. गुडघे पार हनुवटीला आले, ते पाहून मुलं खिदळली. खिडकीतून चार हातांवर तिसरा खांब दिसत होता. काकांना त्या तक्त्याची आणि स्वतःची लाज वाटत होती. बाराला पंप सुरू झाला. वर टाकीत पाणी पडू लागलं आणि खाली मुलं बेडकाचं गाणं म्हणू लागली.

दुसऱ्या कडव्याला आवाज आला. टक्. इतका बारीक की एकाही मुलाने मान वळवली नाही. काकांनी काचेकडे पाहिलं. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ होती.

ते फोनवर बाईंना एवढंच म्हणाले, "काच गेली. पंप थांबवा." मग मुलीजवळ गेले. "मुलांना बूट घालायला सांग."

"अहो बाबा, सुटायला अजून तास आहे."

"घालायला सांग, बाळा. पलीकडच्या मैदानात न्यायचंय."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मुलं हौसेने दाराशी धावली. सगळ्यात धाकटीची नाडी काही केल्या बांधली जाईना. तिच्यासमोर काका गुडघ्यावर बसले, खांबाकडे पाठ करून, आणि मन लावून गाठ मारू लागले.