गुरुवारचा संसार

सुताराचं चॅनल उभं राहिलं ते बायकोच्या जिभेच्या जोरावर. तो रंधा मारता मारता काम समजावून सांगायचा आणि ती शेजारी बसून त्याची फिरकी घ्यायची. "खुर्चीला पाय किती म्हणालास, साडेतीन?" असं तिने विचारलं की बघणारे पोट धरून हसायचे. जाहिराती त्यांनी कधी घेतल्या नाहीत. सात-आठशे सभासद दरमहा थोडी थोडी वर्गणी द्यायचे, त्यावर वर्कशॉपचं भाडं निघायचं आणि दोघांचं भागायचं.

मग ती बहिणीकडे राहायला गेली. मध्ये तिसरं कुणी आलं नव्हतं. कॅमेरा बंद झाला की दोघांत बोलायला काही उरायचंच नाही, एवढंच. पण लोक वर्गणी भरायचे ती दोघांसाठी. म्हणून ती दर गुरुवारी यायची, केस नीट करायची, दोन तास त्याला चिडवायची आणि पर्स उचलून निघून जायची. सुतार आठवडाभर त्या दोन तासांच्या आशेवर काढायचा. ती हसली की त्याला वाटायचं, येईल परत.

एका गुरुवारी सभासदांसाठी लाइव्ह कार्यक्रम होता. त्याने एका आजींचा मेसेज वाचून दाखवला: "आमचे हे गेल्यापासून घर खायला उठतं. जेवताना तुमचं भांडण लावून ठेवते. असेच राहा रे बाळांनो."

ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्हाला फसवणं नाही जमत मला. आठ महिने झाले, आम्ही वेगळे राहतोय."

सुताराने हातातली पटाशी खाली ठेवली. लाइव्ह बंद करून तो कसाबसा म्हणाला, "मला आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू बोलूच दिलं नसतंस. हे चालू आहे तोवर मी तुझीच, असं धरून बसला होतास ना?"

तिने पर्स उचलली. ती पुन्हा आली नाही.

महिनाअखेरीला निम्मे सभासद गळाले. काहींनी शिव्या घातल्या. आजी मात्र राहिल्या. "वेळेवर जेवत जा," एवढंच त्यांनी लिहिलं.

त्यानंतरच्या गुरुवारी सुतार एकटाच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. फळी घासत बोलता बोलता तो मध्येच थांबला, टोमणा येईल म्हणून. खोलीत कुणीच बोललं नाही. त्याने तोंड फिरवलं आणि भुसा लागलेल्या बाहीनेच डोळे पुसले.