चारशे बारा जणांची संमती

वाचनालयाकडून मेल आली ती नुसती प्रश्नचिन्हांची. चाळीस वर्षं मुद्रितं तपासून माझी एवढी खोड झालीय की चूक दिसली की ती आपलीच वाटते. माझाच संगणक जुना, असं समजून मी आठवडाभर संगणकाची पुस्तकं चाळत बसलो.

आठव्या दिवशी वाचनकक्षात गेलो, तर शिपाई वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होता. त्याच्याकडून कळलं, की कक्ष बंद करायची नोटीस चारशे बारा सभासदांना मेलने गेली होती आणि सात दिवसांत एकाचीही हरकत आली नव्हती. दुपारी बसायला मला तेवढी एकच जागा होती.

चिटणिसांच्या खोलीत त्यांच्याशेजारी त्यांचा मेहुणा बसला होता. मेल पाठवायचा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. मी छापून नेलेला मेलचा कागद न पाहताच त्याने निदान केलं, की काकांकडे मराठी फॉन्ट नसेल.

मी खाली बघून पुटपुटलो, की फॉन्ट नसता तर रिकामे चौकोन दिसले असते. ही प्रश्नचिन्हं इथूनच निघाली आहेत.

"मी चाचणी घेतली होती, दाजी," तो चिटणिसांकडे वळला. "व्यवस्थित गेली."

"काय लिहून घेतलीत?" मी विचारलं.

"हॅलो."

"इंग्रजीत?"

तीच नोटीस स्वतःला पाठवा, म्हटलं. पाठवली. त्याच्या महागड्या फोनवर प्रश्नचिन्हांची रांग लागली. मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं शाबूत राहतील अशा संकेतात पाठव, एवढं प्रोग्रामला सांगायचं राहिलं होतं. विद्वानाने एक ओळ घातली, दोन मिनिटांत काम झालं. वर मला म्हणाला, "किरकोळ होतं, काका."

"म्हणजे नोटीस पुन्हा जाईल?" मी चिटणिसांना विचारलं.

"पुन्हा कशाला? मुदत काल संपली."

"पण कोणाला वाचताच आली नाही."

"मग विचारायचं होतं. चारशे बारातल्या एकानेही विचारलं नाही."

"मी विचारतोय."

"आज," चिटणीस म्हणाले आणि घड्याळाकडे पाहू लागले.

यावर काय बोलावं ते मला घरी पोचल्यावर सुचलं, नेहमीचंच. तोवर मेल आली होती: 'एकाही सभासदाची हरकत न आल्याने वाचनकक्ष सर्वसंमतीने बंद करण्यात येत आहे.' सवयीने दोनदा तपासली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.