तीन पोती, तीन बोटं

एक विचारू? विश्वास कोणावर ठेवावा, माणसाच्या शब्दावर की मापावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी बावीस वर्षं एका दुकानदाराच्या मोटारीखाली काढलीत, आणि माझं उत्तर अजून ठरलेलं नाही.

मी एक गज बोलतोय. हत्ती समजू नका, आणि कापड मोजायचा गजही मी नाही. मी पोलादाचा आहे, अंगठ्याएवढा जाड, चारेक फूट लांब. एका जुन्या फ्रेंच मोटारीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला आडवा असतो. या बेटावर त्या मोटारीला सगळे कात्रेल म्हणतात. इतर गाड्यांना मागे पाट्यांच्या कमानी असतात, नाहीतर वेटोळ्यांच्या स्प्रिंगा. कात्रेलला आम्ही दोघं भाऊ आहोत. माझं एक टोक चौकटीत दात रोवून बसलंय, दुसरं उजव्या चाकाच्या दांड्यात. चाक वर गेलं की मी पिळला जातो, खाली आलं की थोडा उलगडतो. पुरता कधीच उलगडत नाही, कारण मोटार नुसती उभी असली तरी तिचं ओझं असतंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी तर जळलोही नाही.

दुखतं का? पहिल्या वर्षी दुखलं असेल. आता आठवत नाही.

माझा भाऊ डाव्या चाकाचा. आम्ही एकाच रेषेत मावत नाही, म्हणून तो पुढे आणि मी चार बोटं मागे. त्यामुळे उजवं चाकही डाव्यापेक्षा तेवढंच मागे. कारखान्यानंच तसं केलंय. पण एकदा एका शहाण्या गिऱ्हाइकानं दोरी लावून दोन्ही बाजू मोजल्या आणि गावभर सांगत सुटला की दुकानदाराची गाडी कुठेतरी आपटून वाकडी झालीय. मालक त्याला म्हणाला, "तुझी मिशी मोज आधी, दोन्हीकडे सारखी आहे का बघ." तो माणूस आजही आमच्याकडूनच तांदूळ नेतो.

मालकाचं नाव सादिमान. त्याचा आजा जावाहून कॉफीच्या मळ्यात मजुरीला आला तो इथलाच झाला. पोइंदिमिए गावाच्या अलीकडे, नदी समुद्राला मिळते तिथे सादिमानचं दुकान आहे. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिली. पण तागडी हातात आली की बड्या बड्यांना ऐकत नाही. तांदूळ, टिनातले मासे, काड्यापेट्या, आणि कापड. इथे कुणाच्या दारी जायचं तर आधी मान म्हणून कापडाचा तुकडा पुढे ठेवावा लागतो, मग लग्न असो की मयत. त्यामुळे सादिमानचं कापड कधी पडून राहिलं नाही. हे सगळं कात्रेलमध्ये भरून तो आठवड्यातून तीनदा वरच्या खोऱ्यात जायचा, आणि येताना लोकांची वाळलेली कॉफी घेऊन यायचा.

त्याची एक युक्ती होती, आणि ती माझ्या जिवावर होती. तो उजव्या मागच्या चाकापाशी वाकायचा आणि टायर नि वरच्या पत्र्याची कड यांच्यामध्ये बोटं आडवी घालायचा. पंचवीस किलोचं एक पोतं उजवीकडे ठेवलं की गाडी एक बोट खाली बसते. एक पोतं, एक बोट. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं बघून बघून त्यानं ते पक्कं केलं होतं. एकदा एकानं कॉफीच्या पोत्यात तळाला दगड भरून दिले. सादिमाननं चाकापाशी बोटं घातली, उठला आणि म्हणाला, "काका, तुमच्या कॉफीत नदी आलीय." काकांनी निमूटपणे पोतं उपसलं. आता सादिमानचा स्वतःचा अंगठा तागडीवर कधी टेकत नसे असं मी म्हणणार नाही. पण माझ्यावर कुणाचा अंगठा चालत नाही.

त्याची बायको ओदिल ही त्याच खोऱ्यातली कनाक, म्हणजे या बेटाच्या मूळ लोकांपैकी. अंगानं भरलेली, आवाजानंही. मिशनवाल्या बायकांनी शिकवलेला घोळदार झगा घालायची, गळ्यापासून पोटरीपर्यंत एकच घोळ. ती मागच्या सीटवर उजवीकडे बसायची, पाय आडवे पसरून, शेजारी मालाचा ढीग. खोऱ्यातल्या बोली तिला येत, सादिमानला तोडक्यामोडक्या. खरं दुकान तीच चालवायची. ती बसली की गाडी बरोबर तीन बोटं खाली जायची. सादिमान चारचौघांत म्हणायचा, "माझी बायको तीन पोती." ती म्हणायची, "आणि नवरा रिकामं पोतं. उभं केलं तर उभं राहत नाही."

तीन वर्षांमागे तिचा गुडघा गेला. गाडी उंच होती. नदी ओलांडायची म्हणून सादिमाननं ती मागून उचलून घेतली होती, रिकामी असताना आठ बोटं. ओदिलला आता पाय उचलून आत शिरता येईना. सादिमान नि आणखी कुणीतरी काखेत हात घालून तिला वर चढवायचे. दोन वेळा तिनं ते सोसलं. तिसऱ्या वेळी ती पायरीवरच बसून राहिली. म्हणाली, मी काही कोनफळांची पाटी नाही. जा तू एकटा.

तो एकटा गेला नाही. ओगुस्तकडे गेला.

ओगुस्त म्हणजे आमचा मिस्त्री. गोऱ्यांपैकी, पण चार पिढ्या इथेच. पत्र्याची शेड, आंब्याचं झाड आणि तोंडात कायम विझलेली सिगारेट. सादिमाननं सांगितलं, मागून खाली घे. ओगुस्त म्हणाला, खाली घेतली तर नदीत पोट टेकेल, आणि आज भरतोस त्याच्या निम्मंही भरता येणार नाही. वरचं खोरं सोडावं लागेल. सादिमान म्हणाला, सोडलं.

दुकानदारानं एवढ्या चटकन काही सोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ओगुस्तनं गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं लोंबकळत सोडली. माझ्या टोकावर आणि चौकटीवर मिळून एक रेघ कोरली, म्हणजे मी आधी कुठे होतो ते विसरायला नको. मग मला ठोकून बाहेर काढलं. माझ्या दोन्ही टोकांना दाते आहेत, पण त्यांची संख्या सारखी नाही. एका टोकाला इकडे फिरवायचं, दुसऱ्याला तिकडे, म्हणजे उंची हवी तेवढीच बारीक बदलते. माझं झालं, मग भावाचं. गाडी खाली उतरवल्यावर सादिमान लगेच बोटं घालायला धावला. ओगुस्तनं त्याचा हात धरला. ठोकळ्यावरून उतरलेली गाडी खोटं बोलते, म्हणाला. आधी मागेपुढे ढकल, चार वेळा दाब, मग विचार तिला. ढकलली, दाबली. सहा बोटं. ओदिल स्वतःच्या पायानं आत गेली, बसली, झगा सारखा केला आणि म्हणाली, "चला. लोक वाट बघत असतील." तीन बोटं उरली.

दोन वर्षं अशीच गेली. माल कमी, गावं कमी, पण मागे ती असायची.

मग दवाखान्यातल्या नर्सनं ओदिलला सांगितलं की गुडघ्यासाठी वजन कमी कर. तिनं मनावर घेतलं. चेहरा थोडा उतरला तसा सादिमान खूश झाला. भेटेल त्याला सांगायचा, बायकोनं चारपाच किलो कमी केलं. झग्याच्या आतलं कुणाला दिसत नव्हतं. मला कळत होतं. ती बसली की मी पूर्वीइतका पिळला जात नव्हतो. आधी एका केसाएवढा फरक, मग दोन केसांचा, मग बोटाच्या पेराएवढा. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. कमी झालं, एवढंच.

एका शुक्रवारी ती आत बसल्यावर सादिमान वाकला, बोटं घातली, आणि तसाच राहिला. चार.

त्यानं पुन्हा मोजलं. मग तिला घेऊन, मागे तांदळाची तीन पोती टाकून, थेट ओगुस्तच्या शेडमध्ये आला. उतरता उतरताच सुरू झाला. तुझा गज सटकला. दाते झिजले. दोन वर्षांत उंची बदलते म्हणजे काय काम आहे हे. एवढ्यासाठी मी खोरं सोडलं का.

ओगुस्त कामाला लागला. ओदिलला बाकावर बसवलं, पोती उतरवली, टायरांमधली हवा तपासली. गाडी सपाट फरशीवर घेतली, ढकलली, दाबली. खाली आडवा होऊन माझ्या टोकावरची रेघ पाहिली. जिथे ठेवली होती तिथेच. मोजलं. दोन्हीकडे सहा बोटं.

"गज जागेवर आहे, सादी."

मग उजवीकडच्या सीटवर दोन पोती ठेवली. चार बोटं उरली. तिसरं ठेवलं. तीन उरली. पोती काढून ओदिलला बसायला सांगितलं. ती उठली, सावकाश आली, बसली. कुणाकडे बघितलं नाही.

चार.

आंब्याखाली कोंबड्या ओरबाडत होत्या. सादिमाननं पोती एकेक करून उचलून बघितली. शेवटी म्हणाला, "पोती जास्त भरलेली असतील."

ओगुस्त म्हणाला, "तुझ्या दुकानातली पोती? आणि जास्त?"

कुणी हसलं नाही. ओगुस्तही नाही. त्यालाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण तो हात पुसायला म्हणून शेडच्या मागे गेला आणि बराच वेळ पुसत बसला.

ओदिल सीटवरूनच बोलली. "पोत्यांना बोल लावू नकोस. पोटात राहत नाही काही. नाताळापासून."

"रोज ताट रिकामं असायचं."

"कुत्रा बघ किती फुगलाय."

सादिमाननं विचारलं का नाही सांगितलं. ती म्हणाली, माझ्या बहिणीनं तिचं दुखणं सांगितलं होतं. तिला नूमेआला नेली, पाच आठवडे सुया टोचल्या, आणि पेटीतून परत आणली. मला निदान नवी कोनफळं निघेपर्यंत इथे राहायचं होतं. हे सगळं ती अशा आवाजात बोलली जसं गिऱ्हाइकाला सांगावं, की साखर संपलीय, सोमवारी येईल.

सादिमान रडला नाही. मला वाटतं त्याला ते जमलंच नाही. एक पोतं गेलं कुठे, एवढंच तो शोधत होता. पंचवीस किलो. त्याच्या नाकासमोरून, त्याच्या स्वतःच्या गाडीतून, रोज चमचा चमचा करून. कॉफीतले दगड ज्यानं ओळखले त्याला.

मग तो म्हणाला, "उतरू नकोस." ती तिन्ही पोती तिथेच शेडमध्ये टाकली, गाडी सुरू केली आणि डोंगर ओलांडून राजधानीकडे, नूमेआला निघाला. तीनशे किलोमीटर. एका वळणावर तिनं गाडी थांबवायला लावली, बाहेर वाकली, परत बसली. मी पिळलो, उलगडलो, पिळलो.

नूमेआच्या डॉक्टरांनी सात आठवड्यांनी तिला घरी सोडलं. पेटीतून नाही, स्वतःच्या पायानं. डॉक्टरांनी सादिमानला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. काय ते मला माहीत नाही, गाडी फाटकाबाहेर होती. परत येताना तो दर घाटात वेग कमी करत होता, जणू मागे अंडी भरलीत.

ती आली तेव्हा नवी कोनफळं निघाली होती. खोऱ्यातल्या लोकांनी तिच्यासाठी पहिल्या खेपेतली बाजूला ठेवली होती. तिनं बोटाएवढा तुकडा खाल्ला, आणि तो पोटात राहिला.

आता ती दोघं पुन्हा आठवड्यातून दोनदा फेरीवर जातात. माल नावापुरता. दाराशी कुणी आलं की ओदिल आतूनच बोलते. आवाज अजून भरलेला आहे, कुणाला वाटणार नाही. ओगुस्तनं एकदा सादिमानला विचारलं, आता ओझं एवढं कमी, तर मागून आणखी एक दात खाली घेऊ का, म्हणजे तिला पाय उचलावा लागणार नाही. घे, म्हणाला. म्हणून रिकामी गाडी आता साडेपाच बोटांवर उभी असते. मला पुन्हा ठोकून काढलं, फिरवलं, बसवलं. काही वाटलं नाही.

रोज सकाळी ती स्वतः आत शिरते, झगा सारखा करते आणि खिडकीतून विचारते, "आज किती?"

सादिमान वाकतो. बोटं घालतो. उठून हात विजारीला पुसतो आणि सांगतो, "तीन."

"बरं," ती म्हणते.

तिला आकडे कळतात. सगळं खोरं तिनं बोटांवर चालवलंय. तरी ती बरं म्हणते, आणि तो गाडी सुरू करतो. कोण कोणाला फसवतंय ते मला विचारू नका. मी पोलाद आहे. माझ्यावर जेवढं ठेवाल तेवढाच मी वाकतो, त्यात दया नाही की लबाडी नाही. पण मला जीभ नाही आणि वही नाही, आणि ज्याच्याकडे दोन्ही आहेत तो तीन म्हणतो. त्याला तसं म्हणू द्या. तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तर एवढं करा. ती कधीतरी होती आणि एवढी होती, हे कुठेतरी बरोबर लिहिलेलं असू द्या. हिशेबात तुम्ही माया घालू नका, चुकवू नका. आज सकाळी ती बसल्यावर साडेपाचातली चार बोटं उरली होती, म्हणजे गाडी दीडच बोट खाली गेली. दीडच लिहा.